साधन किती उपयुक्त, आणि कशासाठी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इतिहासाच्या पेपरातल्या एकाच प्रश्नप्रकाराविषयी या वेळी बरीच पत्रे आली. एक उतारा, छायाचित्र, व्यंगचित्र किंवा तक्ता दिलेला असतो आणि विचारलेले असते : 'अमुक विषयाचा अभ्यास करणाऱ्याला हे साधन किती उपयुक्त आहे?' जीसीएसई (ब्रिटनमधली शालेय परीक्षा), आयजीसीएसई (तिचे आंतरराष्ट्रीय रूप) आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या परीक्षांत हा प्रश्न नेमाने येतो. इतर मंडळांच्या उतारा-प्रश्नांनाही हाच विचार लागतो, म्हणून उत्तरे सर्वांसाठी दिली आहेत.

साधन एकांगी असेल तर ते कमी उपयुक्त, असे मी प्रत्येक उत्तरात लिहिते. तरी ८ पैकी ३-४ गुणांवर अडकते. चूक कुठे होते?
– दहावीची विद्यार्थिनी

तुझ्या उत्तरात 'कशासाठी' राहून जाते. साधन विचारलेल्या विषयासमोर ठेवल्याशिवाय ते उपयुक्त की निरुपयोगी हे ठरवताच येत नाही. हा विषय प्रश्नातच छापलेला असतो. पण बहुतेक मुले ती ओळ घाईने ओलांडून थेट उताऱ्यावर येतात आणि मग साधनाला सरसकट चांगले किंवा वाईट ठरवून मोकळी होतात.

जनरल डायरची साक्ष घे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डायरने हंटर समितीपुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे, साक्ष दिली. १६५० फैरी झाडल्या, जमावाला आधी इशारा दिला नाही, वाट अरुंद नसती तर चिलखती मोटारींवरच्या मशीनगनही वापरल्या असत्या, सगळ्या पंजाबवर जरब बसवायची होती, जखमींची सोय पाहणे हे आपले काम नव्हते, हे सारे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. साक्ष एकांगी आहे, यात वादच नाही. आता तिला तीन वेगवेगळे विषय लावून बघ.

'गोळीबारात किती माणसे मेली' असा विषय असेल, तर साक्षीचा उपयोग थोडा. गोळीबार थांबताच डायर सैनिकांना घेऊन निघून गेला, त्याने मोजदाद केली नाही. ३७९ हा सरकारी आकडा नंतरच्या चौकशीतून आला आणि काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज त्याहून कितीतरी मोठा होता. 'बागेत अडकलेल्या लोकांवर काय गुदरले' असा विषय असेल, तर साक्ष जवळजवळ गप्प आहे. आणि 'गोळीबाराचा निर्णय का घेतला गेला' असा विषय असेल, तर हिच्याइतके मोलाचे साधन शोधून सापडणार नाही. ज्याने आदेश दिला तोच हेतू सांगतो आहे. इथे त्याचा एकांगीपणा हाच पुरावा आहे. समितीपुढे असे बोलताना त्याला संकोच वाटला नाही, यावरून त्या काळचा एक लष्करी अधिकारी कशाला कर्तव्य समजत होता ते कळते.

म्हणजे 'एकांगी आहे' हे उत्तराचे पहिले पाऊल झाले. कोणाच्या बाजूने, का, आणि त्यामुळे या विषयासाठी साधनाचे मोल वाढते की घटते, हे पुढे लिहायलाच हवे. 'निर्णय का घेतला गेला' या विषयावरचा एक नमुना परिच्छेद देतो :

'गोळीबाराचा आदेश डायरनेच दिलेला असल्याने निर्णयामागचा हेतू समजून घेण्यासाठी हे साधन फार उपयुक्त आहे. केवळ जमाव पांगवायचा नव्हता, तर पंजाबभर जरब बसवायची होती, असे तो म्हणतो. रौलट कायद्याविरुद्धचे आंदोलन आणि १० एप्रिलला अमृतसरात झालेला हिंसाचार यांमुळे अधिकाऱ्यांना उठावाची धास्ती वाटत होती. डायरचे म्हणणे त्याच्याशी जुळते. मात्र ही साक्ष घटनेनंतर सात महिन्यांनी, चौकशीला तोंड देताना दिलेली आहे. त्यामुळे गोळीबाराच्या क्षणी हाच हेतू मनात होता, की कृतीचे समर्थन म्हणून तो नंतर मांडला गेला, हे एवढ्यावरून ठरत नाही.'

यातले पहिले वाक्य निवाडा देते आणि तो साधनाच्या कर्त्याशी जोडते. दुसरे उताऱ्यातला नेमका मजकूर दाखवते. तिसऱ्यात उताऱ्याबाहेरची माहिती येते आणि ती उताऱ्याला ताडून पाहण्याच्या कामी लावलेली आहे. शेवटची दोन वाक्ये मर्यादा सांगतात, पण ती मर्यादा याच साधनाची आणि याच विषयापुरती आहे. तुझे जुने उत्तर काढ आणि यातले कोणते काम त्यात झालेले नाही ते तपास. बहुधा तिसरे आणि चौथे गळालेले दिसेल.

विश्वसनीय आणि उपयुक्त यात फरक काय?
– नववीचा विद्यार्थी

विश्वसनीयता म्हणजे साधनातली माहिती कितपत खरी मानता येईल. उपयुक्तता म्हणजे विचारलेल्या विषयाबद्दल त्यातून काय शिकता येईल. युद्धकाळातले प्रचाराचे भित्तिपत्रक शत्रूबद्दल धडधडीत खोटे सांगत असेल, पण सरकार लोकांच्या मनात कोणती भीती पेरू पाहत होते हे दाखवायला तेच उत्तम. उलट, तंतोतंत खरी असलेली रेल्वेची वेळापत्रके त्या विषयासाठी कुचकामी. पेपरात 'उपयुक्त' विचारले असताना उत्तरभर विश्वसनीयतेवरच लिहिले, तर प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो. विश्वसनीयता हा उपयुक्ततेचा एक घटक म्हणून आणावा, आणि आणल्यावर विषयाशी बांधावा.

वेळ पुरत नाही. साधने वाचण्यातच निम्मा वेळ जातो. काही क्रम सांगाल का?
– अकरावीची विद्यार्थिनी

आधी वेळेचा हिशेब पाहू. एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या जीसीएसई पेपरात दोन साधनांवर मिळून ८ गुणांचा प्रश्न असतो. एक्यूए या दुसऱ्या मंडळाच्या पेपरात एका साधनाला ८ आणि दोन साधनांना १२ गुण असतात. दोन्हीकडे दर गुणाला साधारण दीड मिनिट धरायचे, म्हणजे ८ गुणांना १२ मिनिटे. आयबीच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पेपर १ हा २४ गुणांचा आणि एक तासाचा आहे. त्यातला उगम, उद्देश आणि मजकूर यांच्या आधारे मोल व मर्यादा सांगण्याचा प्रश्न ४ गुणांचा असतो. तिथे चारही साधनांचे वाचन धरून त्या प्रश्नाच्या वाट्याला सुमारे दहा मिनिटे येतात.

१२ मिनिटे अशी वापर. पहिले मिनिट फक्त प्रश्नाला दे. विषयाखाली रेघ ओढ आणि त्यात काळ, जागा किंवा गट यांची मर्यादा घातली आहे का ते पाहा. '१९१६ सालच्या खंदकांतील वैद्यकीय सेवा' असा विषय असेल तर १९१८ चे साधन त्यात बसते का, हा मुद्दा तिथेच हाती येतो. दुसऱ्या मिनिटात साधनाखालची परिचयाची ओळ वाच : कोणी, कधी, कोणासाठी, कोणत्या प्रकारचे. उतारा अजून वाचायचा नाही. परिचयाची ओळ आधी वाचली की उतारा वाचताना आपोआप प्रश्न पडत जातात. उलट क्रमाने गेलीस तर उताऱ्याचा सूर पकडून बसतो आणि कर्ता विसरला जातो. पुढच्या तीन मिनिटांत साधने वाच आणि प्रत्येकात दोनच जागांवर खूण कर. पाच-सहा खुणा केल्यास तर त्या सगळ्या उत्तरात आणण्याचा मोह होतो आणि उत्तराचा सारांश होतो. उरलेली सात मिनिटे लिहिण्यासाठी, त्यातले शेवटचे मिनिट एकत्रित निवाड्याला.

उताऱ्यातले शब्द उद्धृत करायचे तर चार ते आठ शब्द पुरेत. दोन ओळी जशाच्या तशा उतरवण्यात जवळपास एक मिनिट जाते आणि त्याला गुण नाहीत. 'या उत्तरात मी दोन साधनांची उपयुक्तता तपासणार आहे' अशा प्रस्तावनेचेही तसेच. पहिल्याच वाक्यात निवाडा यावा.

प्रत्यक्ष त्या काळातले साधन हे नंतर लिहिलेल्या साधनापेक्षा नेहमी वरचढ, असे आम्हांला शिकवले गेले. बखरींना मग काही किंमतच नाही का?
– इतिहास शिकवणारे एक शिक्षक

आपल्या प्रश्नाला मराठी इतिहाससंशोधनात मोठी परंपरा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे होती. या अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्यावर बखरींतले घोटाळे उघडे पडले, आणि तेव्हापासून 'अस्सल पत्र वर, बखर खाली' ही उतरंड पक्की झाली. घटना केव्हा आणि कोणत्या क्रमाने घडल्या हे ठरवताना ही उतरंड योग्यच आहे. पण विद्यार्थ्याने ती प्रत्येक विषयाला लावली की उत्तर फसते.

शिवकालातली तीन साधने शेजारी ठेवा. जेधे शकावलीत तिथ्यांसह त्रोटक नोंदी आहेत. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी तिच्यात मिळते. कालक्रम लावायला ती अनमोल, पण अमुक मोहीम का काढली याबद्दल ती सहसा काही सांगत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९० च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. तिथ्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही, कारण बराच भाग आठवणीतून आलेला आहे. पण लिहिणारा महाराजांच्या काळातला माणूस होता. राज्यकारभाराची घडी, किल्ल्यांची व्यवस्था, लष्कराची शिस्त त्याला ठाऊक होती, त्यामुळे त्या विषयांसाठी ही बखर शकावलीपेक्षा कितीतरी अधिक देते. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, साताऱ्याच्या गादीच्या आश्रयाने लिहिली गेली. १६६० च्या दशकातल्या एखाद्या लढाईच्या तपशिलासाठी ती कमकुवत आहे. पण विषय असेल 'एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांची स्मृती कशी जपली जात होती', तर तीच बखर समकालीन साधन होते आणि शकावलीचा तिथे काही उपयोग नाही.

वर्गात हे फळ्यावर मांडताना साधनांची नावे डावीकडे आणि विषय वर असा तक्ता करावा. एकाच साधनापुढे एका रकान्यात 'फार' आणि दुसऱ्यात 'नाही' आलेले मुलांनी डोळ्यांनी पाहिले की उतरंड आपोआप सैल होते.

आणखी एक काळजी घ्यावी. 'समकालीन' आणि 'प्रत्यक्षदर्शी' यांत मुले गफलत करतात. त्याच वर्षी पण शेकडो मैल दूर बसून ऐकीव बातमीवर लिहिलेले पत्र समकालीन असते, प्रत्यक्षदर्शी नसते.

'हे साधन सगळे सांगत नाही' अशी मर्यादा लिहिली तर गुण मिळत नाहीत. मर्यादा लिहायची तरी कशी?
– दहावीचा विद्यार्थी

सगळे सांगणारे साधन जगात नाही, म्हणून ते वाक्य कोणत्याही साधनाखाली चिकटवता येते. परीक्षक तेच हेरतो. स्वतःला एक चाचणी लाव : हे वाक्य उचलून दुसऱ्या साधनाच्या उत्तरात ठेवले तर चालेल का? चालत असेल तर खोडून टाक.

खरी मर्यादा तीन ठिकाणी सापडते. कर्त्याला काय दिसणे शक्यच नव्हते, त्याने काय सांगायचे टाळले असावे, आणि साधनाचा आवाका विषयापेक्षा किती लहान आहे. २१ मे १९३० रोजी धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींना लाठ्यांनी झोडपले गेले. युनायटेड प्रेसचा अमेरिकन बातमीदार वेब मिलर तिथे हजर होता. त्याने रुग्णालयात जाऊन ३२० जखमी आणि दोन मृत मोजले. 'पोलिसांनी सत्याग्रहाला कसे उत्तर दिले' या विषयासाठी त्याचा वृत्तान्त भक्कम आहे : तो ना सरकारचा माणूस, ना काँग्रेसचा, आणि त्याने आकडा स्वतः मोजलेला. पण विषय 'सविनय कायदेभंगाला देशभर मिळालेला प्रतिसाद' असेल, तर मर्यादा अशी लिहावी : 'हा वृत्तान्त एका ठिकाणचा आणि एका दिवसाचा आहे. विदेशी कापडावरचा बहिष्कार, दारूच्या दुकानांवरची निदर्शने, जंगल सत्याग्रह यांसारख्या गोष्टी त्यात येऊ शकत नाहीत, आणि चळवळीचा प्रसार ठरवायला त्याच लागतात.' काय नाही ते नाव घेऊन सांगितले आणि ते नसल्याने विषयाचे काय अडते तेही सांगितले. गुण याच जोडीला आहेत.

मर्यादांची यादी लांबवू नकोस. 'किती उपयुक्त' या प्रश्नात परीक्षकाला आधी उपयोग हवा असतो. एका साधनामागे एक नेमकी मर्यादा पुरे.

छायाचित्र आणि व्यंगचित्र आले की मी नुसते वर्णन करते. त्यांची उपयुक्तता कशी तपासायची?
– अकरावीची विद्यार्थिनी

व्यंगचित्राकडे जाताना तारखेपासून सुरुवात कर. डेव्हिड लो याचे हिटलर आणि स्टालिन एकमेकांना झुकून अभिवादन करत असल्याचे प्रसिद्ध व्यंगचित्र २० सप्टेंबर १९३९ रोजी लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये आले. दोघांच्या मध्ये एक प्रेत पडलेले आहे. आता तारखा जोड : २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत संघाचा अनाक्रमणाचा करार, १ सप्टेंबरला जर्मनीचा पोलंडवर हल्ला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्याचा प्रवेश, आणि तीन दिवसांनी हे चित्र. प्रेत पोलंडचे आहे हे तारखांमुळेच निश्चित होते. मग पाहा की चित्रकाराचे मत काय : नम्र हावभाव आणि तोंडी शिव्या यांतल्या विसंगतीतून तो सांगतो की ही मैत्री सोयीची आहे, मनातली नाही. ब्रिटनमध्ये या कराराकडे कसे पाहिले जात होते, या विषयाला हे चित्र खूप देते. स्टालिनने करार का केला, या विषयाला ते काहीच देत नाही, कारण लंडनमधल्या चित्रकाराला मॉस्कोतल्या खलबतांची माहिती असण्याचे कारण नव्हते. एका चित्रावरून 'सगळ्या ब्रिटिश लोकांचे मत' असे मात्र लिहू नये. मोठ्या खपाच्या दैनिकाने ते छापले, म्हणजे हे मत वाचकांना समजेल आणि पटेल असे संपादकांना वाटले असावे, एवढेच म्हणता येते.

छायाचित्राची फसगत वेगळी असते. कॅमेऱ्याने टिपले म्हणजे खरे, असे वाटते. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे स्थलांतरित मजुरांच्या तळावर एका आईचे मुलांसह छायाचित्र घेतले. अमेरिकेतल्या मंदीचे चित्र म्हणून ते जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्यावर विचार करताना चार गोष्टी तपास. काम कोणाचे होते : लँग त्या वेळी संघराज्य सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी छायाचित्रे घेत होत्या, आणि ग्रामीण हलाखी लोकांसमोर आणून सरकारी मदतीला पाठिंबा मिळवणे हा त्या कामाचा एक हेतू होता. निवड कशी झाली : त्या एका भेटीत अनेक छायाचित्रे घेतली गेली आणि सर्वांत जवळून घेतलेले प्रसिद्ध झाले. चौकटीबाहेर काय राहिले : जवळून घेतल्यामुळे तळ, तंबू, इतर मजूर जवळजवळ दिसत नाहीत. आणि सोबतचा मजकूर कोणाचा : अन्नासाठी गाडीचे टायर विकल्याचा लँग यांनी सांगितलेला तपशील त्या स्त्रीच्या कुटुंबाने पुढे नाकारला.

यामुळे छायाचित्र निकामी होत नाही. हलाखी खरी होती. तळावर मजूर किती होते, मजुरी किती मिळे हे त्यातून कळत नाही. मंदीत सरकार कोणते दुःख, कोणत्या चेहऱ्याने देशासमोर मांडत होते, हे फार चांगले कळते.

वर्णन करण्याची सवय मोडायला एक नियम पाळ : चित्रातली प्रत्येक गोष्ट लिहिल्यावर त्याच वाक्यात 'यावरून' हा शब्द आलाच पाहिजे.

आकडेवारीचा तक्ता दिला तर तो सर्वांत उपयुक्त, कारण आकडे खोटे बोलत नाहीत. बरोबर ना?
– एक पालक

आकडे कोणीतरी कशासाठी तरी गोळा केलेले असतात, आणि गोळा करण्याची यंत्रणा मोडली की आकडाही मोडतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबाबत सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख बळी धरले. अमर्त्य सेन यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो. कारण समजून घेण्यासारखे आहे. खेड्यांतल्या मृत्यूंची नोंद गावचा चौकीदार देत असे. दुष्काळात चौकीदारही उपाशी, आजारी किंवा परागंदा झाले, आणि वाटेवर मेलेल्या अनोळखी माणसांची नोंद करायला कोणी उरले नाही. म्हणजे जिथे मृत्यू सर्वांत जास्त, तिथेच नोंद सर्वांत कच्ची. दोन जिल्ह्यांच्या नोंदींची तुलना करताना हे ध्यानात घेतले नाही, तर निष्कर्ष उलटासुद्धा निघू शकतो.

मुलांना तक्ता आल्यावर चार प्रश्न विचारायला सांगा : मोजले कोणी, एकक काय (माणसे की कुटुंबे, टक्के की संख्या), कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत, आणि मोजणीतून कोण सुटले असेल. तक्ता कल दाखवतो. लोकांना काय वाटले हे तो दाखवत नाही, म्हणून अनुभवाविषयी प्रश्न असेल तर रोजनिशीचे एक पान त्याहून जास्त देऊ शकते.

दोन साधने एकच गोष्ट सांगत असतील तर दोन्ही उपयुक्त ठरतात का?
– दहावीचा विद्यार्थी

आधी पाहा की ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का. एकाने दुसऱ्यावरून उतरवले असेल तर पुरावा एकच राहतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा शहरात इंग्रज आणि डच अशा दोघांच्या वखारी होत्या. दोघांनी आपापल्या वरिष्ठांना वेगवेगळे लिहून कळवले. दोघे व्यापारातले प्रतिस्पर्धी, एकमेकांची री ओढण्याचे कारण नाही. त्यामुळे मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले, अशा घटनांबाबत दोघांचे एकमत वजनदार ठरते.

पण त्याच दोन साधनांचे स्वारीच्या हेतूविषयीचे एकमत तेवढे वजनदार नाही. दोघेही व्यापारी, दोघांनाही आपल्या मालाची धास्ती, आणि महाराजांच्या गोटात काय ठरले हे दोघांनाही ठाऊक नव्हते. तिथे दोघांची नजर सारखी असल्याने मत जुळले. उत्तरात हा भेद एका वाक्यात आणलास तर ते वरच्या श्रेणीत जाते.

दोन साधनांच्या उत्तराचा शेवट 'साधन अ जास्त उपयुक्त' एवढ्यावर करू नकोस. विषयाच्या कोणत्या बाजूला अ आणि कोणत्या बाजूला ब उपयोगी पडते, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते का, हे लिही.

साधन समोर दिलेलेच असते. मग पाठांतर कशाला हवे?
– एक पालक

उताऱ्यातले विधान ताडून पाहायला बाहेरची माहिती लागते. ती नसेल तर मूल उताऱ्याच्या आतच फिरत राहते. मात्र लागते ती थोडी आणि नेमकी. एका साधनामागे एक किंवा दोन गोष्टी : एखादी तारीख, कायद्याचे नाव, एखादा आकडा. प्रत्येक प्रकरणातल्या दहा-बारा पक्क्या तारखा आणि त्यांची कारणे येत असली की पुरते. माहितीचा अख्खा परिच्छेद वेगळा लिहिला आणि तो साधनाशी जोडला नाही, तर त्याला जवळजवळ गुण नाहीत.

वर्गात सराव कसा घ्यावा? जुने पेपर सोडवून घेतो, पण मुले ठरावीक वाक्येच लिहितात.
– इतिहासाच्या शिक्षिका

पूर्ण पेपर सोडवणे काही दिवस बाजूला ठेवा. एक साधन निवडा, आठ-दहा ओळींचे, आणि तीन आठवडे तेच वापरा. दर वेळी फक्त विषय बदला. पहिल्या आठवड्यात ज्याला ते चांगले उत्तर देते असा विषय, दुसऱ्यात ज्याला अर्धवट देते असा, तिसऱ्यात ज्याला जवळपास देत नाही असा. साधन तेच राहिल्याने मुलांना जुनी वाक्ये पुन्हा वापरता येत नाहीत. 'एकांगी', 'त्या काळातले', 'सगळे सांगत नाही' हे शब्दप्रयोग या तीन आठवड्यांत वापरायचे नाहीत असा नियमही घालावा. मुले अडखळतात आणि मग त्याऐवजी कारण लिहू लागतात.

दुसरा सराव परिचयाच्या ओळीचा. उतारा झाकून केवळ ती ओळ द्या आणि विचारा : या माणसाला काय माहीत असेल, काय माहीत नसेल, तो काय लपवेल? उत्तरे लिहून झाल्यावर उतारा उघडा. अंदाज कुठे चुकला याची चर्चा सर्वांत फलदायी होते. सुरतेच्या वखारीतले पत्र असे झाकून दिले तर मुले हमखास लिहितात की इंग्रज महाराजांची निंदाच करतील. मग पत्रात मुघल सुभेदाराच्या भित्रेपणावर झोड दिसते आणि लेखकाच्या हितसंबंधांचा विचार पुन्हा करावा लागतो.

स्वतः प्रश्न काढताना दोन गोष्टी टाळा. परिचयाच्या ओळीशिवाय उतारा देऊ नका. कर्ता आणि तारीख नसेल तर मुलांना अंदाजच बांधावा लागतो आणि ठरावीक वाक्यांची सवय तिथेच लागते. आणि उतारा इतका कापू नका की लेखकाचा सूर हरवेल. सुमारे ८० ते १२० शब्द ठेवले तर सूरही राहतो आणि बारा मिनिटांत उत्तरही होते. तपासताना गुणांच्या आधी समासात फक्त 'कशासाठी?' किंवा 'कशावरून?' एवढे लिहून वही परत द्या, आणि त्याच परिच्छेदात दोन वाक्ये घालून आणायला सांगा. नवे उत्तर लिहून घेण्यापेक्षा याने सुधारणा लवकर होते, कारण कमी काय पडले ते मुलाला स्वतःच्याच वाक्यात दिसते.